अद्रक-संत्र्याचा घरगुती सोडा कधी फुसका, कधी बाटलीफोड, असं काहून होते?

मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेली, संत्री फेब्रुवारी-मार्चात निघाली का दरवर्षी तीच तक्रार कानावर येते. अद्रकाचा स्टार्टर, म्हणजे अद्रक-साखर-पाणी आंबवून केलेलं विरजण, केला, संत्र्याचा रस घातला, बाटली भरली, पहिल्या खेपेला मस्त फेसाळ सोडा झाला, म्हणून दुसऱ्या खेपेला अगदी तस्संच केलं तर नुसतं आंबट पाणी, आणि तिसऱ्या खेपेला झाकण फिरवलं का निम्मी बाटली छताला. रेसिपी तीच, बरणी तीच, करणारी तीच. मंग कोणी म्हणते अद्रक खराब निघालं, कोणी म्हणते नजर लागली. तसं काही नाही हो. मोठी कारणं दोनच, खोली किती तापली आणि बाटलीत साखर किती कोंबली. बाकीच्या भानगडी लहान आहेत पण त्यातल्या एकदोन लय डोकं खातात, त्याही सांगतो.

पहिले हे पाहा की बिघाड स्टार्टरमधे आहे का बाटलीत. एका ग्लासात कोमट पाणी, चमचाभर साखर आणि दोन मोठे चमचे स्टार्टर घाला, ढवळा आणि सावलीत ठेवा. दोन-तीन तासात कडेला बुडबुड्यांची रांग लागली, वर बारीक फेस धरला, म्हणजे स्टार्टर ठणठणीत आहे, दोष पुढं बाटलीत शोधा. काहीच हललं नाही तर बाटल्या भरून संत्री वाया घालवू नका. ही परीक्षा कोणी करत नाही आणि सरळ पाच-सहा बाटल्या भरून बसतात, याचं मला नवल वाटते.

आता उन्हाळ्याचं सांगतो कारण निम्म्याच्या वर घोळ तिथंच आहे. व्हिडिओत पाहून आपण जे "तीन दिवस ठेवा" करतो ना, ते वीस-बावीस डिग्रीच्या घरांसाठी सांगितलेलं असते. आपल्याकडं विदर्भात एप्रिलात टिनाच्या खोलीत दुपारी चाळीसच्या वर पारा जाते, मे मधे चंद्रपूर-ब्रह्मपुरी-अकोल्याकडं बाहेर ४५-४६ म्हणजे नेहमीचंच. खमिराचं, म्हणजे यीस्टचं, ढोबळ गणित असं की दहा डिग्री वाढले का कामाचा वेग साधारण दुप्पट होते, म्हणजे वीस डिग्रीला जे तीन दिवसात होते ते तीस डिग्रीला दीड दिवसात उरकते. मार्चात तुमच्या घरी दिवसा ३२-३३ असते, तुम्ही तीन दिवस मोजून राहिले आणि बाटली दुसऱ्याच दिवशी टम्म होऊन बसली. ही झाली बाटलीफोड.

मंग मे मधे तर अजून जोरात व्हायला पाहिजे ना? तर नाही, तिथं उलटं होते आणि इथंच लोक चक्रावतात. गॅस करणारं खमीर तीसच्या आसपास खूश असते, ३८-४० च्या वर गेलं का ते दमते. पण आंबट करणारे जे जिवाणू आहेत, दह्यातल्यांचे भाऊबंद म्हणा, त्यातल्या बऱ्याच जणांना चाळीस डिग्री म्हणजे सण. ते साखर खातात, आंबटपणा करतात आणि त्यातले कैक जण गॅस करतच नाहीत किंवा थोडासाच करतात. म्हणून मे मधली बाटली आंबट निघते पण फुसकी निघते. चव घेऊन पाहा, ताकासारखा गुळगुळीत आंबटपणा असेल तर ही गर्मीची भानगड. नाकात चढणारा, झोंबणारा आंबटपणा असेल तर तो सिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा, त्याचं कारण वेगळं, बरणी जास्त वेळ उघडी राहिली, चिलटं बसली, हवा लागली. सिरका करणाऱ्या जिवाणूंना हवा लागतेच, बंद बाटलीत त्यांचं चालत नाही.

एक विचार येते मनात की आपल्या जुन्या बायका उन्हाळ्यात सोडा नाही, आंबील करत होत्या, महालक्ष्म्यांच्या जेवणात तर ती असतेच. ज्वारीचं पीठ रात्री ताकात भिजवा, सकाळी शिजवा, उघड्या गंजात, गॅस पाहिजेच कोणाला. गर्मी तिथं मदतच करते. मला विचाराल तर मे च्या दुसऱ्या पंधरवड्यात सोड्याच्या नादी लागूच नका, आंबील प्या. पण ऐकणार नाही कोणी, म्हणून पुढचं.

गर्मीत बरणी ठेवायची कुठं? फ्रिजवर नाही, फ्रिजच्या मागून गरम हवा येते. गॅसच्या ओट्यावर तर नाहीच. माठाखाली जी ओली वाळू असते तिथं बरणी रोवा आणि वरून ओलं बारदान गुंडाळा. एप्रिल-मे मधे आपली हवा कोरडी ठक्क असते म्हणून ओलं कापड भराभर वाळते आणि वाळताना बरणीतली गर्मी ओढून नेते, बाहेर चाळीसच्या वर असलं तरी तिथं २७-२८ पर्यंत आरामात उतरते. थर्मामीटर लावून पाहा, ज्याच्याकडं कोंबडीच्या पिल्लांचं शेड आहे त्याच्याकडं असतेच, नाही तर मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात काचेचा स्वस्तात भेटते. कुलरच्या खोलीत ठेवलं तरी चालते पण लाईन गेली का दुपारी तीन तासात खोली तापते, बारदानाला लाईन लागत नाही. मात्र मृग नक्षत्र लागून पाऊस सुरू झाला का हा उपाय संपला, ओल्या हवेत कापड वाळतच नाही. तेव्हा तशी गरजही नसते.

आणि गर्मीत स्टार्टरला खाऊ घालायची वेळही बदलते. अर्धा लिटर पाणी, दोन मोठे चमचे सालीसकट किसलेलं अद्रक, दोन मोठे चमचे साखर अशी सुरुवात आणि मंग रोज एकेक चमचा दोन्ही, हे थंडीचं. उन्हाळ्यात तो संध्याकाळपर्यंत उपाशी होते, म्हणून अर्धा चमचा सकाळी, अर्धा संध्याकाळी. एवढं जमत नसेल तर स्टार्टर तयार झाल्यावर फ्रिजात ठेवा आणि आठवड्यातून एकदा साखर-अद्रक द्या, वापरायच्या आदल्या दिवशी बाहेर काढा.

आता साखर. हे जरा हिशोबाचं आहे पण एकदा समजलं का बाटली कधी फुटणार नाही.

एक सपाट लहान चमचा साखर म्हणजे साधारण चार ग्रॅम. एक लिटर बाटलीतली ही चार ग्रॅम साखर खमिराने पूर्ण खाल्ली तर साधारण एक लिटर गॅस होते, मोकळ्या हवेत मोजला तर. बाजारातल्या कडक सोड्यात लिटरला साडेतीन-चार लिटर गॅस कोंबलेला असते. म्हणजे तसा कडक सोडा पाहिजे तर लिटरला फक्त १५-१६ ग्रॅम साखर पुरते. चार चमचे! आणि संत्र्याच्या रसात किती असते? शंभर मिलीत आठ ते दहा ग्रॅम. तुम्ही लिटरभर निव्वळ रस बाटलीत भरला, वरून गोड लागावं म्हणून दोन चमचे साखर टाकली, तर आत नव्वद-शंभर ग्रॅम साखर बसली, म्हणजे वीस-पंचवीस लिटर गॅसचं सामान. आता ती फुटते का वाचते हे फक्त तुम्ही ती किती वेळ बाहेर विसरता यावर आहे. पहिल्या खेपेला छान झाली ती नशिबाने योग्य तासाला फ्रिजात गेली म्हणून.

म्हणून माझं सांगणं एवढंच की बाटलीत साखर गॅसपुरती टाका आणि गोडी ग्लासात द्या. प्रमाण असं ठेवा: लिटरच्या बाटलीला तीन संत्र्यांचा रस, म्हणजे दीडशे मिली, पन्नास-साठ मिली गाळलेला स्टार्टर, बाकी उकळून थंड केलेलं पाणी, वर दोन बोटं जागा मोकळी. पाण्यात अद्रकाचा तुकडा ठेचून उकळला तर चव अजून येते, पण ते पाणी पूर्ण थंड होऊ द्या, गरम पाण्यात स्टार्टर टाकला तर खमीर मेलंच. या दीडशे मिली रसात १२ ते १५ ग्रॅम साखर आहे, स्टार्टरमधली थोडी धरा, झाला हिशोब पूर्ण. बाटली बाहेर विसरली, पुतण्याने उन्हात ठेवली, तरी आत खायलाच उरलं नाही तर गॅस वाढणार कशाचा. हा सोडा नुसता पिला तर गोड लागत नाही, फिका-आंबट लागते. मंग ग्लासात आधी साखरेचा पाक नाही तर संत्र्याचं सरबत घ्या आणि वरून हळूच सोडा ओता. कोरडी साखर ग्लासात टाकू नका, तिच्यावर सगळा फेस एकदम उसळून गॅस उडून जाते, आणि मंग तुम्हीच म्हणाल फुसका झाला.

काही जण म्हणतात एवढ्या कमी रसात संत्र्याची मजा नाही. ती मजा ग्लासातल्या रसाने येते ना बाप्पा, बाटलीतला रस तसाही खमीर खाऊन टाकते.

फुसका होण्याचं अजून एक कारण, जे आपल्याच भागात जास्त दिसते कारण संत्री घरची असते आणि साल फेकायला जीव होत नाही. संत्र्याच्या सालीत जे तेल असते, साल दुमडली का डोळ्यात उडते तेच, ते खमिराला दाबते. साल स्टार्टरमधे टाकली किंवा हाताच्या प्रेसमधे अख्खं संत्र सालीसकट दाबून रस काढला तर तेल रसात उतरते आणि दोन-दोन दिवस बुडबुडा येत नाही. संत्र सोलून रस काढा, सालीचा वास पाहिजेच असेल तर गॅस तयार झाल्यावर ग्लासात सालीचा तुकडा पिळा.

आणि कडूपणा? तो आंबवण्याचा दोष नाही. मिक्सरमधे बिया आणि पांढरा पापुद्रा दळल्या गेला का रस तेव्हा गोड लागते आणि काही तासांनी कडू होत जाते, नागपुरी संत्र्याचा हा स्वभावच आहे. साखर घालून तो जात नाही. बिया काढा, हाताने पिळा, गाळा, आणि रस काढल्या-काढल्या वापरा.

बरणीत तार सुटली, म्हणजे चमचा उचलला का शेंबडासारखं लांबते, ही तक्रार पावसाळ्यात आणि दिवाळीच्या आसपास येते. हे एका जिवाणूचं काम, तो साखरेपासून चिकट धागा तयार करते, ऊस तोडून पडला का त्याच्या रसातही हेच होते आणि कारखानेवाले त्याने हैराण असतात. वीस ते तीस डिग्री आणि आंबटपणा कमी असला का त्याचं फावते. पोटात गेलं तर मरत नाही कोणी पण त्या स्टार्टरने पुढचं काही करू नका, टाकून द्या, बरणी उकळत्या पाण्याने धुवा आणि नवीन सुरू करताना पहिल्याच दिवशी अर्ध्या लिंबाचा रस पिळा, साखर एकदम ओतू नका. बहुतेक वेळा एवढ्याने भागते.

वर पांढरी साय येते तिची भीती बाळगू नका. सपाट, सुरकुतलेली, पांढरी असेल तर चमच्याने काढून टाका, चव थोडी मातकट होते एवढंच, आणि रोज दोनदा ढवळत जा म्हणजे येणार नाही. पण कापसासारखी उभी, हिरवी-काळी-गुलाबी अशी काही दिसली तर बरणीसकट बाहेर, वरचं काढून खालचं वापरू असा काटकसरीपणा इथं नको.

पाण्याचं एका वाक्यात. ग्रामपंचायतीच्या टाकीत ज्या दिवशी टीसीएल, म्हणजे क्लोरीनची, पावडर पडते त्या दिवशीचं पाणी सरळ वापरलं तर स्टार्टर झोपते, उकळून थंड करा आणि वापरा. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं पाणी मात्र उकळून गोड होत नाही, तिथं पावसाचं साठवलेलं नाही तर आरओच्या कॅनचं घ्या, सोड्याच्या चवीला तरी.

अद्रक बाजारातून आणताना चकचकीत धुतलेलं, साल निघालेलं आणू नका, खमीर सालीवरच असते. मातीचं, जुनं, गाठीचं घ्या आणि नुसतं पाण्याखाली धरा, घासू नका. ओली हळद निघते तेव्हा, वायगावकडची भेटली तर उत्तमच, तिचाही स्टार्टर याच पद्धतीने होते, फक्त कपडे आणि ओटा पिवळा झाला तर मला बोलू नका.

थंडीत उलटा त्रास. डिसेंबर-जानेवारीत गोंदिया-नागपूरकडं रात्री आठ-दहा डिग्रीवर येते, खमीर गप्प बसते आणि लोक समजतात मेलं. मेलं नसते. चुलीच्या जवळच्या भिंतीला ठेवा, गोधडीत गुंडाळा, तांदळाच्या कोठीत ठेवा. धोका वेगळाच आहे, थंडीत गॅस नाही आला म्हणून बाटल्या कोनाड्यात विसरतात, आतली साखर तशीच शिल्लक, आणि होळीच्या गर्मीत एका दुपारी रांगेने फुटतात. वर सांगितलेल्या हिशोबाने भरलेली बाटली मात्र होळीलाही शांत राहील.

बाटली कोणती, यावर भांडू नका. ज्यात कोल्ड्रिंक आलं होतं तीच प्लास्टिकची, बुडाला पाच पाय असलेली. पाण्याची पातळ बाटली नाही, ती दाबासाठी केलेलीच नसते. दारूची किंवा लोणच्याची काच तर मुळीच नाही. तोच चार लिटर गॅस फ्रिजात पाच डिग्रीला असताना आत साधारण तीनपट हवेचा दाब असते आणि चाळीस डिग्रीला सातपटीच्या घरात जाते. कारच्या चाकात ३२-३५ पीएसआय हवा भरतात, उन्हातली ती बाटली ऐंशी-नव्वदला पोचलेली असते, आणि काच फुटली का तुकडे चेहऱ्यावर येतात. गोटी सोड्याची बाटली पाहा, हिरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ मधे पेटंट घेतलेली, तिची काच उगाच एवढी जाड नाही. प्लास्टिकचा दुसरा फायदा म्हणजे दाबून पाहता येते. बोटाने दाबली आणि नवीन विकतच्या कोल्ड्रिंकसारखी टणक लागली का झालं, घड्याळ आणि कॅलेंडर पाहायचं काम नाही, सरळ फ्रिजात. प्यायच्या आधी निदान रात्रभर थंड करा, थंड पाण्यात गॅस जास्त मुरून राहते, गरम बाटली उघडली का तोच गॅस एकदम बाहेर धावते आणि पाहुण्यांसमोर फजिती.

अल्कोहोलचं कोणी विचारत नाही पण विचारायला पाहिजे. खमीर गॅस करते तेव्हा सोबत अल्कोहोलही होते, सुटका नाही. लिटरला सतरा ग्रॅम साखर पूर्ण खाल्ली तर साधारण एक टक्का. माझ्या प्रमाणात जास्तीत जास्त तेवढ्याच्या आसपास, बहुतेक वेळा कमी, कारण थोडी साखर आंबटपणात जाते. निव्वळ रसाची बाटली लांबवली तर तिप्पट-चौपट सहज होऊ शकते आणि मंग ते सरबत राहिलं नाही. लेकरांना, पोटुशी बाईला, औषधं चालू असलेल्याला हा देऊ नका, त्यांना ताजं सरबत द्या. आणि वर्धा-गडचिरोलीत दारूबंदी आहे, गडचिरोलीत तर १९९३ पासून, तिथं लांबवलेल्या बाटल्या लग्नाच्या मांडवात वाटायची हौस करू नका, उगाच डोक्याला ताप.

आता ज्यांच्या घरात या क्षणाला जुन्या पद्धतीने भरलेल्या, फुगून बुड बाहेर आलेल्या बाटल्या उभ्या आहेत, त्यांच्यासाठी. हिसका देऊन हलवू नका. त्यावर ओलं जाड टॉवेल टाका आणि लेकरांना खोलीबाहेर काढा. टॉवेलसकट उचलून बर्फ घातलेल्या पाण्याच्या बादलीत सावकाश उभी ठेवा, दोन-तीन तास. प्लास्टिकची असेल तर नंतर टॉवेलखालूनच झाकण एवढंसं सैल करा, फुस्स आवाज आला का परत कसा, थांबा, परत सैल करा, असं पाच-सहा वेळा, एकदम नाही. काचेची असेल तर तिला हात लावायच्या आधी तोंडावर गमछा, डोळ्याला गाडीचा चष्मा, आणि थंडही करता येत नसेल अशी अवस्था असेल तर तिच्याजवळ कोणी जाऊच नका, वावरातल्या रिकाम्या कोठ्यात असेल तर दार ओढून घ्या आणि रात्री गारवा पडल्यावर पाहा. जे आंबट पाणी वाचलं त्यात कांद्याच्या चकत्या आणि मीठ टाका, झुणक्यासोबत चांगलं लागते.